लॅब्राडॉरच्या पिल्लाला कोणतं व्हिटॅमिन? आधी त्याच्या भांड्यात काय पडतंय ते बघू

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ब्रुनो साडेतीन महिन्यांचा लॅब्राडॉर, वजन 12 किलो. दिवसभरात अर्धा लिटर दूध, चार चपात्या, 300 ग्रॅम बोनलेस चिकन आणि एक अंडं खातो. पुढचे पंजे पसरल्यासारखे आणि किंचित बाहेर वळल्यासारखे दिसतात. पेट शॉपवाल्याने कॅल्शियमचं सिरप, मल्टिव्हिटॅमिनचे ड्रॉप्स आणि केसांना चमक यावी म्हणून एक तेल दिलंय. शेजारचे काका म्हणतात, माणसांची डी3ची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक द्या, हाडं दणकट होतील. यातलं काय द्यायचं, किती द्यायचं आणि अजून काही राहिलंय का, असं तुम्ही विचारताय.

पुडी आत्ताच कपाटात वर ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

साताऱ्यात मी 21 वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतोय आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी समोर येतो. प्रश्न नेहमी बाटलीबद्दल असतो. भांड्याबद्दल कोणी विचारत नाही. पण खाण्यातून किती मिळतंय हे माहीत नसेल, तर वरून किती घालायचं हे मीही सांगू शकत नाही आणि दुकानदार तर नाहीच नाही. तुम्ही निदान खाण्याचं माप दिलंय, म्हणून हिशेब तरी मांडता येतो. तो मांडूया, कारण बाकी सगळं त्यावरच ठरेल.

तुमच्या यादीतून ब्रुनोला दिवसाला साधारण 1200 कॅलरी मिळतात. या वयाला, या वजनाला तेवढ्या लागतात, म्हणजे पोट भरतंय. आता कॅल्शियम. वाढत्या पिल्लाला दर 1000 कॅलरीमागे 3 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, म्हणजे ब्रुनोला रोज साडेतीन ग्रॅम धरा. मिळतं किती? अर्ध्या लिटर दुधातून 600 मिलिग्रॅम. चार चपात्यांच्या कणकेतून जेमतेम 50. चिकनमधून 40 एक, अंड्याच्या आतल्या भागातून 25-30. सगळं मिळून 700 मिलिग्रॅमच्या घरात, गरजेच्या एक पंचमांश. तेही दूध आहे म्हणून. दूध पचत नाही म्हणून बंद केलं असतं तर जवळजवळ शून्यच.

आणि हा अर्धाच हिशेब झाला. कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फरस असतो आणि या दोघांचं प्रमाण एकास एक ते दोनास एक या दरम्यान राहावं लागतं, कॅल्शियमची बाजू जड. ब्रुनोच्या भांड्यात ते उलटं आहे: चिकन, कणीक, दूध, अंडं मिळून फॉस्फरस दीड ग्रॅम, कॅल्शियम त्याच्या निम्मं. नुसत्या बोनलेस मांसात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. हे प्रमाण असं उलटं झालं की रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा हार्मोन वाढवतं आणि तो हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतो. म्हणून अशा पिल्लाच्या रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम बऱ्याचदा अगदी नॉर्मल येतं. मालक रिपोर्ट नाचवत येतात, 'डॉक्टर, कॅल्शियम तर बरोबर आहे!' बरोबर आहेच, हाडं विकून बरोबर ठेवलंय.

एक जर्मन शेफर्डचं पिल्लू माझ्या नीट लक्षात आहे. पाच महिन्यांचं, घरात लाडकं, रोज अर्धा किलो बोनलेस चिकन आणि भात. चांगल्या घरचं, चांगलं खाणारं. दिवाणावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एक्स-रे लावला तर हाडं आणि आजूबाजूचं मांस यांत फरक दिसेना, इतकी हाडं फिकट. जुनी माणसं याला सरसकट मुडदूस म्हणतात. खरा मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, तो कुत्र्यांत त्यामानाने कमी. हा प्रकार वेगळा, नुसत्या मांसाने होणारा. सहा-सात आठवडे पिंजऱ्यात विश्रांती आणि खाण्यात बदल, एवढ्यावर ते पिल्लू सावरलं. त्या घरात पैशाची कमी नव्हती, उलट भाकरीऐवजी महागडं चिकन दिल्याचा अभिमान होता.

मग सिरपने भरून काढू, असं तुम्ही म्हणाल. इथे लेबल वाचायला शिका. लेबलवर 'कॅल्शियम ग्लुकोनेट 500 मिलिग्रॅम' असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम फक्त 9 टक्के, म्हणजे 45 मिलिग्रॅम. कार्बोनेट असेल तर 40 टक्के. बाटलीवर कुत्र्याचं चित्र असलं म्हणून आतला आकडा वाढत नाही. दोन चमचे सिरप देऊन 'कॅल्शियम चालू आहे' असं समाधान होतं, भर मात्र फारशी पडत नाही.

बरं, मग जास्त देऊ? माणसांची सर्रास मिळणारी गोळी घ्या, 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट डी3. ब्रुनोची तूट भरायला अशा सहा गोळ्या रोज लागतील. कॅल्शियम जुळेल, पण त्यासोबत 1500 युनिट ड जीवनसत्त्व जाईल. 1200 कॅलरी खाणाऱ्या कुत्र्याची सुरक्षित वरची मर्यादा 900 युनिटच्या आसपास आहे. म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पाडलं.

आता ती पुडी. त्यात 60,000 युनिट असतात. 12 किलोच्या पिल्लाला एक पुडी म्हणजे किलोमागे 5,000 युनिट. कुत्र्यात विषबाधेची लक्षणं किलोमागे 4,000 युनिटच्या आसपास दिसू लागतात. म्हणजे आठवड्याला एक सोडा, एकाच पुडीत गडबड होऊ शकते. रक्तातलं कॅल्शियम भडकतं, उलट्या होतात, पिल्लू पाणी ढोसत राहतं, सारखं लघवीला जातं आणि मूत्रपिंडं कायमची जायबंदी होऊ शकतात. काकांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. पण एखादी पुडी आधीच देऊन झाली असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आजच डॉक्टरकडे जा.

उन्हाचाही गैरसमज इथेच काढून टाकतो. 'सकाळच्या उन्हात बांधतो, ड जीवनसत्त्व मिळतं' हे मी रोज ऐकतो. माणसाला मिळतं. कुत्र्याच्या कातडीत त्यासाठी लागणारा कच्चा माल टिकतच नाही, त्यामुळे ऊन खाऊन त्याला पुरेसं ड तयार करता येत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं. क जीवनसत्त्वाचं नेमकं उलटं: माणसाला बाहेरून लागतं, कुत्र्याचं यकृत ते स्वतः बनवतं. म्हणून आवळा, लिंबू, संत्र्याच्या गोळ्या हे त्याच्यासाठी करू नका. आपल्या शरीराचे नियम त्याला लावायचे नाहीत, एवढं जरी पटलं तरी निम्म्या बाटल्या घरात येणार नाहीत.

कमी पडण्याबद्दल बरंच झालं. जास्त होण्याबद्दल न बोलता थांबलो तर अर्धवट राहील, कारण मोठ्या जातींच्या पिल्लांत मी जास्तीचंच नुकसान अधिक पाहतो. पूर्ण वाढलेलं कुत्रं गरज नसलेलं कॅल्शियम आतड्यातच नाकारू शकतं. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ते जमत नाही. जेवढं द्याल त्यातलं बरंचसं आत जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात 1980 च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर याचा अभ्यास झाला. जास्त कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांची हाडं मजबूत झाली नाहीत. सांध्यांच्या कूर्चेचं हाडात रूपांतर होण्यात बिघाड झाला आणि वाढ वेडीवाकडी झाली. माझ्याकडे असा एक रॉटवायलर आला होता. कंपनीचं संपूर्ण आहार असलेलं पपी फूड चालू होतं, म्हणजे कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं. त्यावर ब्रीडरने सांगितलेलं सिरप, तेही दुप्पट. पुढच्या पायांना धनुष्यासारखा बाक आला होता. सिरप बंद केलं, बाक थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही.

तेव्हा 'कॅल्शियम द्यावं का' याला हो किंवा नाही असं एकच उत्तर नाही. घरचं खाणं असेल तर द्यावंच लागतं आणि मोजून द्यावं लागतं. तयार संपूर्ण आहार असेल तर एक थेंबही नको. दोन्ही अर्धं-अर्धं असेल तर हिशेब सगळ्यात किचकट, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच चाललेलं असतं.

अंड्याचं टरफल? चांगला, स्वस्त स्रोत आहे. उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं बारीक केलेल्या एका टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. घरचं खाणाऱ्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांसाठी मी ते नेहमी सांगतो. ब्रुनोसाठी मात्र नुसतं टरफल पुरणार नाही, कारण त्याच्या वाढीला फॉस्फरसही तीनेक ग्रॅम लागतो आणि मिळतोय दीड. टरफलात फॉस्फरस जवळपास नसतोच. त्याला दोन्ही असलेलं काहीतरी लागेल, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा कुत्र्यांसाठीची खात्रीची बोनमील, म्हणजे हाडांची पावडर. मात्रा तुमच्या डॉक्टरने वजन बघून ठरवावी आणि पिल्लू वाढेल तशी दर दोन-तीन आठवड्यांनी बदलावी. गावाकडे घरात गाई-म्हशींचं मिनरल मिक्स्चर असतं, त्यातला चमचा मारायचा मोह होतो. ते रवंथ करणाऱ्या जनावराच्या हिशेबाने केलेलं असतं. नको.

कॅल्शियमवर मी इतका वेळ घालवला, कारण घरच्या खाण्यातलं सगळ्यात मोठं भगदाड तेच असतं. त्याच्या मागोमाग जस्त येतं. चपातीच्या कणकेत फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं, आतड्यात सोडत नाही. त्यात जास्तीचं कॅल्शियम पडलं की शोषण अजून घटतं. अशा पिल्लांच्या डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, कोपरांवर खपल्या धरतात, पंजांच्या गाद्या तडकतात. कित्येकदा महिनोन् महिने शाम्पू आणि ॲलर्जीची इंजेक्शनं चाललेली असतात आणि खाणं दुरुस्त करून जस्त दिलं की काही आठवड्यांत कातडी बदलते. ब्रुनोच्या चार चपात्या दोनवर आणा. तेवढ्या कॅलरी भातातून दिल्यात तर बिघडत नाही.

मिठाबद्दल: 'कुत्र्याला मीठ दिलं की केस गळतात' हे आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. याला काही आधार नाही. सोडियम त्यालाही लागतं, चिमूटभर मीठ निरोगी कुत्र्याला चालतं. पण आयोडीनयुक्त मीठ घातलं म्हणजे आयोडीनचं काम झालं, असंही समजू नका. आपल्या घरातल्या मिठात ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम आयोडीन धरलं आणि गरज 1000 कॅलरीमागे सव्वादोनशे ते अडीचशे मायक्रोग्रॅम, तर ब्रुनोच्या 1200 कॅलरींना नुसत्या मिठातून ते भरायला रोज 18-20 ग्रॅम मीठ चारावं लागेल. ते काही आपण करणार नाही. म्हणूनच घरच्या खाण्यासाठी खास बनवलेली संपूर्ण व्हिटॅमिन-मिनरल पावडर लागते. तिच्यात आयोडीन, जस्त, ड, ई हे सगळं खाण्याच्या मापाला जोडून दिलेलं असतं. तुमच्या ड्रॉप्समध्ये बहुधा ब गटातली जीवनसत्त्वं आणि थोडं अ आणि ड असेल. ब गटाची तुमच्या चिकन-अंडं-दुधात फारशी वाण नाही. म्हणजे आहे तेच परत विकत घेतलंय.

अ जीवनसत्त्वासाठी कलेजी उत्तम. आठवड्यातून एक-दोनदा 25-30 ग्रॅम शिजवलेली कोंबडीची कलेजी पुष्कळ झाली. रोज वाटीभर नको. अ जीवनसत्त्व यकृतात साठत जातं आणि अतिरेक झाला तर हाडांना आणि सांध्यांना अपाय होऊ शकतो. मटणाची कलेजी लॅब्राडॉरला मी जपूनच सांगतो, कारण तिच्यात तांबं भरपूर असतं आणि काही लॅब्राडॉरच्या यकृतात तांबं साठत जाण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते. गाजर-भोपळ्यातूनही कुत्रं थोडंफार अ तयार करतं. मांजराला ते जमत नाही, पण तो विषय आज नको.

केसांच्या चमकेसाठी पाजायचं ते तेल कसलं आहे बघा. माशाच्या अंगाचं तेल असेल, ओमेगा-3 वालं, तर थोड्या मात्रेत चालेल, सोबत ई जीवनसत्त्व मात्र हवं. कॉड लिव्हर म्हणजे माशाच्या यकृताचं असेल तर त्यात अ आणि ड दोन्ही आले. ड्रॉप्स, सिरप आणि हे तेल अशा तीन ठिकाणांहून ड जातं आणि कोणी बेरीज करत नाही.

अंडं उकडूनच द्या. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन, म्हणजे केसांना लागणारं जीवनसत्त्व अडवतं, चमक येण्याऐवजी जाईल. कोकणातली मंडळी कच्चे मासे घालतात, त्यांच्यासाठी एक ओळ: काही माशांत ब1 नष्ट करणारं थायामिनेज असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. आणि माणसांच्या च्युएबल किंवा गमी प्रकारच्या व्हिटॅमिन गोळ्या ब्रुनोच्या उंचीला येतील अशा ठेवू नका. त्यातल्या काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं.

लोह हा वेगळाच किस्सा आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की मालक आधी टॉनिक आणतात. आपल्याकडे कुत्र्यात रक्त कमी होण्यामागे खाण्यातलं लोह क्वचितच असतं. गोचिडांमुळे होणारे ताप आणि पोटातले हुकवर्म जातीचे जंत हीच नेहमीची कारणं. टॉनिक पाजत दहा दिवस गेले की तेवढ्यात प्लेटलेट्स तळाला जातात. उद्या ब्रुनोला गोचीड तापासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागलंच, तर ते दूध, कॅल्शियम किंवा लोह यांच्या सोबत देऊ नका, औषधाचं शोषण घटतं. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

यावर कोणीतरी म्हणणारच, 'आमच्या गावचा मोत्या भाकरी-ताकावर बारा वर्षं जगला.' जगला असेल, मी असे मोत्ये पाहिलेत. पण मोत्या फक्त भाकरी खात नव्हता. तो उकिरडा धुंडाळत होता, खाटकाच्या दारातली हाडं आणि शेतातले उंदीर खात होता आणि त्याचं अंग 15 किलोच्या पुढे कधी गेलं नाही. ब्रुनो टाइल्सच्या फ्लॅटमध्ये तुम्ही द्याल तेवढंच खाणार आणि वर्षभरात तीस किलोचा होणार. शिवाय मोत्याच्या वेतातली जी पिल्लं तीन महिन्यांत गेली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर? मोठ्या जातीच्या पिल्लाला पहिले 12 ते 15 महिने घरचं खाणं हा मुख्य आहार ठेवला नसता. हे मी शाकाहारी घरांनाही सांगतो, मांसाहारी घरांनाही. पाकिटावर वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार असं लिहिलेलं असावं आणि मोठ्या जातींच्या, म्हणजे मोठेपणी 32 किलोच्या वर जाणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीचाही उल्लेख असावा. दहा दिवसांत हळूहळू त्यावर आणा. मग चिकन, अंडं, भाकरीचा तुकडा हे सगळं मिळून कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंत, लाडापुरतं. खर्च परवडत नसेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरचंच ठेवा, पण पाककृती पशुवैद्यकाकडून वजनाच्या मापासह लिहून घ्या आणि पावडर, कॅल्शियम काट्यावर मोजून घाला, अंदाजाने नाही.

आणि भरपूर घालू नका. लॅब्राडॉरला पोट भरल्याचं कळत नाही, त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं गेलं; कमी खाणारे साधारणपणे 1.8 वर्षं जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा सुरू झाली. कुठल्याही बाटलीने एवढं केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत.

राहिले पसरलेले पंजे. न बघता मी निदान करणार नाही. गुळगुळीत टाइल्स, वाढलेली नखं, जास्त वजन यांनीही पंजे पसरतात आणि कॅल्शियम-फॉस्फरसच्या घोळानेही. या आठवड्यात पुढच्या दोन्ही पायांचा एक्स-रे काढून घ्या. तोवर ब्रुनो जिथे खेळतो तिथे सतरंजी किंवा जुनी गोणपाटं अंथरा, जिना आणि सोफ्यावरच्या उड्या बंद. डॉक्टरकडे जाताना सिरप, ड्रॉप्स आणि तेल तिन्ही बाटल्या सोबत न्या आणि दिवसाचं खाणं वजनासकट कागदावर लिहून न्या. बाटल्यांपेक्षा तो कागद आधी दाखवा.